‘ज्याअर्थी’पासून ‘सर्व दावे सोडले’पर्यंत

वाचकांच्या बहुतेक पत्रांत एकच गोंधळ दिसतो: करारनाम्याची ‘ज्याअर्थी’ने होणारी सुरुवात, म्हणजे प्रास्ताविक, ही निव्वळ शोभा आणि मुक्ततेचे, म्हणजे समोरच्यावरचे दावे सोडून देण्याचे, कलम हा ठरीव छापील मजकूर. दोन्ही समज महागात पडतात, म्हणून हे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ‘ज्याअर्थी’ची वाक्ये नसली तर करार रद्द ठरतो का?

नाही.

प्रश्न : प्रास्ताविकात एक आणि कलमात दुसरेच असेल तर काय धरायचे?

दोन्ही स्पष्ट असून विसंगत असतील, तर कलम. कलम संदिग्ध आणि प्रास्ताविक स्पष्ट असेल, तर प्रास्ताविकाच्या आधारे अर्थ लावायचा. हा नियम इंग्लंडमधील न्यायालयाने १८८६ मध्ये मांडला. मात्र प्रास्ताविकात मान्य केलेली वस्तुस्थिती पुढे नाकारणे जड जाते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमचा वाद एका बिलापुरता होता, तडजोडीत मात्र ‘ज्ञात व अज्ञात सर्व दावे सोडले आहेत’ असे लिहिले आहे. समोरचे म्हणतात, हे सगळीकडेच असते.

असते खरे, पण ज्याचा फायदा होणार, त्याच्याच तोंडून ते ऐकून सही करू नये. तेव्हा ब्रिटनचे सर्वोच्च अपील न्यायालयही असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८७० मध्ये म्हटले की, मुक्ततेतील व्यापक शब्द सहीच्या वेळी पक्षांच्या मनात असलेल्या विषयापुरतेच धरावेत. त्याच सभागृहाने २००१ मध्ये, एका बुडालेल्या बँकेच्या माजी कर्मचाऱ्यांनी ‘सर्व दावे’ सोडल्याचे लिहून दिले असतानाही, त्या वेळी कोणाच्या कल्पनेतही नसलेला दावा सुटला नाही असे ठरवले. तेवढ्याने निर्धास्त होऊ नये, कारण शब्द पुरेसे स्पष्ट असतील तर अज्ञात दावेही सोडता येतात, हेही तिथेच मान्य झाले. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचे कलम १५४२ अज्ञात दाव्यांना संरक्षण देते, म्हणून तिथल्या मसुद्यांत ते संरक्षणच सोडल्याचे वाक्य घातले जाते. चलाखी म्हणतात ती अशी.

खरा उपाय पहिल्या पानावर आहे. ‘ज्याअर्थी उभय पक्षांत काही वाद निर्माण झाले’ हे वाक्य काहीच बांधून ठेवत नाही. ‘ज्याअर्थी अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या बिलाच्या रकमेबाबत वाद निर्माण झाला’ असे लिहून मुक्ततेच्या कलमात ‘वरील वादापुरते’ हे शब्द घातले, की कुंपण पडते. मुक्तता एकतर्फी आहे की परस्पर, आणि या तडजोडीतूनच येणारी देणी तिच्यातून वगळली आहेत का, तेही पाहावे. मसुदा सहीपूर्वी वकिलांना दाखवावा. सहीनंतर दाखवणारेच अधिक भेटतात.

प्रश्न : मजकुरात ‘रक्कम मिळाली’ आहे, पैसे मात्र सहीनंतर येणार आहेत. चालेल का?

चालणार नाही. ‘रक्कम खात्यात जमा झाल्यावरच मुक्तता अमलात येईल’ असे लिहून घ्यावे. त्याला हरकत घेतली गेली, तर त्या हरकतीतूनच पुरेसे समजावे.

प्रश्न : मुक्ततेवर पूर्वीच सही केली आहे, आता फसवणूक झाल्याचे कळले. काही करता येईल का?

फसवणूक, दबाव किंवा खोटी माहिती सिद्ध झाली तर बहुतेक देशांत असा करार आव्हानास पात्र ठरतो. पण दाव्याची मुदत चालू असते आणि ‘आधी बोलणी करून पाहू’ म्हणण्यातच ती सरते. सहीच्या सुमाराचा सर्व पत्रव्यवहार, कच्च्या मसुद्यांसह, घेऊन आजच वकिलांकडे जावे.