फुली मारलेल्या जागी सही करू नका

नोकरी आणि दिव्यांगत्व याविषयी तेच ते प्रश्न दर महिन्याला येतात, म्हणून यावेळी पाच एकत्र घेतले आहेत. सगळ्यांच्या मुळाशी कायदा एकच : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. तरी 1995 च्या जुन्या कायद्याची झेरॉक्स पुढे करणारे आस्थापना लिपिक मला अजूनही भेटतात.

प्रश्न : माझ्या प्रमाणपत्रावर 35 टक्के लिहिलंय. सरकारी भरतीत आरक्षण मिळेल का? (परभणी)

नाही, किमान 40 टक्के लागतात. आकडा चुकला असं वाटत असेल तर अपील करा. मात्र भेदभावाविरुद्धचं संरक्षण 40 टक्क्यांवर अडत नाही.

प्रश्न : आमच्या कंपनीत दीडशे कामगार आहेत. खासगी कंपनीतही 4 टक्के जागा राखीव झाल्या असा मेसेज फिरतोय. खरं का? (वाळूज)

खोटं. 4 टक्के आरक्षण शासकीय आस्थापनांना आहे. पण म्हणून मालकाने हात झटकायचे कारण नाही. वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण तयार करून ते जाहीर करावं लागतं आणि संपर्क अधिकारी नेमावा लागतो. एचआरकडे त्या धोरणाची प्रत लेखी मागा. नाहीच म्हणाले तर मेसेज पुढे ढकलत बसण्यापेक्षा ते उत्तर घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न : मी अनुदानित शाळेत शिपाई आहे. साखरेच्या आजारात डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. संस्थाचालक म्हणतात, 'शाळेत अपघात झाला असता तर गोष्ट वेगळी. शिवाय संस्था खासगी. राजीनामा दे, पोराला चिकटवून घेतो.' काय करू? (बीड जिल्हा)

दादा, राजीनामा देऊ नका. आधी हे वाक्य पाठ करा, मग पुढचं वाचा.

गेल्या वर्षी एक वाहनचालक मामा माझ्याकडे आले होते. कार्यालयानेच टाइप करून दिलेला अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. 'मी स्वेच्छेने' अशी सुरुवात, तारखेची जागा कोरी, आणि सही करायची तिथे पेन्सिलीने मारलेली बारीक फुली. स्वेच्छा मामांची आणि फुली साहेबांची! सही झालेली नव्हती म्हणून पुढचं सगळं सोपं गेलं. सही करून आलेल्या माणसासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागतं.

आता तुमचं. कलम 20 म्हणतं की सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व आलं त्याला शासकीय आस्थापनेने नोकरीवरून काढायचं नाही, खालच्या पदावरही आणायचं नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि सेवालाभांत दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांच्या वर खास काढलेल्या जादा पदावर ठेवायचं. 'सेवेत असताना' याचा अर्थ 'कामावर असताना' असा नाही. साखरेने पाय गेला काय, सुट्टीत शेतातल्या विहिरीत पडून गेला काय, कायद्याला फरक पडत नाही. आणि 'खासगी संस्था' हा शब्द तर आपल्याकडे भलताच चालतो. शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत शासनाचं अनुदान घेणारी संस्थाही येते. पगार अनुदानातून येतो, तो बंद व्हावा असं कुणी म्हणत नाही. माणूस ठेवायची वेळ आली की लगेच संस्था खासगी!

राहिला मुलगा. त्याला चिकटवण्याचा शब्द तोंडी आहे, आणि नेमणुकीला शिक्षण विभागाची मान्यता लागते. तुमची नोकरी जाईल आणि त्याची येणार नाही.

'पेन्शन घेतली की हक्क संपला' हेही ऐकीव. कुणाल सिंग या जवानाला रुग्णता निवृत्तिवेतन, म्हणजे शरीर कामाला असमर्थ ठरल्यावरची पेन्शन मिळालेली असूनही सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली जुन्या कायद्याखाली त्याच्या बाजूने निकाल दिला होता. अर्थात प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी असतात, काही सेवांना कायद्यातून सूटही मिळू शकते. म्हणून नेमणूक आदेश, सेवापुस्तकाची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन याच आठवड्यात वकिलाला भेटा.

प्रश्न : दवाखान्याबाहेर एक जण पैसे घेऊन टक्के वाढवून देतो म्हणतो. घेऊ का? (लातूर)

अजिबात नको. लबाडीने लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तपासणीत सापडाल तुम्ही, तो नाही.

प्रश्न : मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे, दृष्टी अधू आहे. संगणकावर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मागितलं. साहेब म्हणाले, 'तुम्हाला दिलं की सगळेच मागतील.' तक्रार करून अडीच वर्षं झाली. (हिंगोली)

सगळ्यांची नजर अधू असेल तर सगळ्यांना द्यावं! कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात, आणि ती नाकारणं हाच भेदभाव मानला आहे. त्यात एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणजे खर्चाचं कारणही राहत नाही.

पण ताई, अडीच वर्षांपूर्वीची तुमची तक्रार तोंडी होती, असं तुम्हीच पत्रात खाली लिहिलंय. तोंडी तक्रारीचा कागद कुठे शोधायचा? उद्या लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असायलाच हवा, आणि नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी त्याने दोन आठवड्यांत करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती आहे, पुण्यात राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. तिथे जाण्याआधी अर्ज जाणत्या माणसाकडून वाचून घ्या, आणि शिक्का मारलेली प्रत कार्यालयातल्या टेबलाच्या खणात ठेवू नका, घरी न्या.