खडकवासल्याच्या पावसाचं मॅटप्लॉटलिब (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) ऍनिमेशन क्रॅश होतंय आणि सेव्ह केलं की भलत्याच स्पीडने पळतंय, डीपीआय (इंचामागे ठिपके) 300 आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) 30 दिलंय, काय करू?

दोन्ही वेगळे लोचे आहेत, आधी क्रॅशचं बघा. अपडेट फंक्शनमध्ये दर फ्रेमला परत प्लॉट कॉल करताय ना, तिथेच गडबड आहे, कारण जुनी लाईन पुसली जात नाही, तिच्यावर नवीन चढत जाते, रॅम भरत जाते, प्रत्येक फ्रेम आधीपेक्षा स्लो होते आणि शेवटी कर्नल (कोड चालवणारा प्रोग्रॅम) मरतो. लाईन बाहेर एकदाच बनवा आणि आत फक्त सेट-डेटा करा, म्हणजे त्याच लाईनला नवे आकडे द्या, बास. डीपीआय पण 300 वरून 100 करा, पिक्सेल नऊपटीने कमी होतात. आणि ज्युपिटर नोटबुकमध्ये 20 एमबीची एम्बेड लिमिट (आत साठवायच्या ऍनिमेशनची मर्यादा) वाढवत बसू नका हो, सगळ्या फ्रेम नोटबुकमध्येच कोंबल्या जातात आणि ब्राउझर हँग होतो, त्यापेक्षा एफएफएमपेग (व्हिडिओ बनवायचं सॉफ्टवेअर) टाकून सरळ एमपी4 काढा.

आता स्पीड. इंटरव्हल, म्हणजे दोन फ्रेममधलं अंतर, मिलिसेकंदात असतो, डिफॉल्ट 200 म्हणजे सेकंदाला 5 फ्रेम, पण सेव्ह करताना तुम्ही एफपीएस 30 दिलंय, मग फाईल सहापट पळणारच. जून ते सप्टेंबर 122 दिवस, रोजची एक फ्रेम, एफपीएस 10 ठेवलं तर साधारण 12 सेकंदांचा व्हिडिओ होतो, जुलैतला जोर नीट दिसायला मला तेवढा वेग बरोबर वाटतो.

स्क्रीनवर लाईव्ह चालवताना मात्र एक फ्रेम काढायलाच 80 मिलिसेकंद लागत असतील तर इंटरव्हल 10 करून काही फरक पडणार नाही, तिथे ब्लिट (फक्त बदललेला भाग परत काढणं) ट्रू करून बघा.