दर्यावर जाण्याआधी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी सरली की कोकणात पाण्यातल्या खेळांचा हंगाम रंगात येतो आणि आमच्याकडे पत्रेही वाढतात. या वेळी बहुतेकांनी दर विचारले आहेत, वेळ फार थोड्यांनी. आम्ही मात्र भर वेळेवरच दिला आहे. किनाऱ्यावर गडबड होते ती बहुधा भरती, वारा किंवा हंगाम न पाहिल्यामुळे.

प्रश्न : शनिवारी पहाटे कोल्हापूरहून निघून मालवणला स्कूबा करायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असा बेत आहे. आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. जमेल का? (कोल्हापूर)

उत्तर : पोहता येत नाही ही अडचण नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नवख्यांना जी डुबकी देतात ती उथळ पाण्यात असते आणि इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुमचे सिलिंडर धरून असतो. पाण्याची भीती मात्र आधी गेलेली हवी. आदल्या दिवशी तासभर छातीइतक्या शांत पाण्यात तोंड बुडवून बसण्याचा सराव करा.

खरी अडचण संध्याकाळच्या परतीची आहे. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधी उंचीवर गेलात तर बाहेरचा दाब आणखी कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डुबक्या घेतल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा नियम आहे. विमानाचे सगळ्यांना ठाऊक असते, घाटाचे कोणी सांगत नाही. डायव्हिंगच्या हिशेबात ३०० मीटरच्या वर गेलात की ती उंची धरतात. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे आणि कोल्हापूर शहरच साधारण ५५० मीटरवर. पाच-सहा मीटर खोल, वीस मिनिटांची एकच डुबकी असेल तर धोका थोडा असतो हे खरे, पण थोडा म्हणजे शून्य नव्हे. सकाळी डुबकी घ्या, रात्री मालवणात मुक्काम करा आणि रविवारी घाट चढा. चिपी किंवा मोपाहून विमान पकडणाऱ्यांनाही हेच लागू.

आता पाण्यातले. दोन गोष्टी पाठ करा. पहिली, श्वास कधीही रोखायचा नाही. पाच मीटरवर दाब जमिनीवरच्या दीडपट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुसातली हवा दीडपट फुगू पाहते आणि फुप्फुसाला इजा होते. दाबातला हा बदल पृष्ठभागाजवळच सर्वांत झपाट्याने होतो, त्यामुळे ‘उथळ आहे, काय होणार’ हे म्हणणे चुकीचे आहे. दुसरी गोष्ट कानाची. कानातला दाब बाहेरच्याइतका करायला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, दर अर्ध्या-एक मीटरला, आणि कान दुखायच्या आधीच. दुखायला लागल्यावर फुंकून घसा आणि कान यांना जोडणारी नळी उघडत नाही. अशा वेळी इन्स्ट्रक्टरला कानाकडे बोट दाखवा, मीटरभर वर या आणि पुन्हा करून पाहा. सर्दी असेल तर त्या दिवशी डुबकी नकोच. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरणे तर त्याहून वाईट, कारण गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना कानात हवा कोंडते.

मास्कमध्ये पाणी शिरले तर मास्कची वरची कड कपाळावर दाबा, नजर वर करा आणि नाकाने बाहेर श्वास सोडा. पाणी खालून निघून जाते. मिशी असलेल्यांना हे हमखास लागते, म्हणून किनाऱ्यावरच दोन-तीनदा करून बघा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का, हे आधी विचारा.

होडीत चढण्यापूर्वी बघायचे ते असे : इन्स्ट्रक्टरचे प्रमाणपत्र, न पोहणाऱ्या प्रत्येकामागे एक इन्स्ट्रक्टर, होडीत ऑक्सिजनची किट, शिडी, आणि सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारे गेज २०० बारच्या आसपास. रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या उपकरणातून, दोन श्वास घ्या. हवेला डिझेलचा किंवा तेलाचा वास आला तर ते सिलिंडर घेऊ नका. कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढलेला असू शकतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड खोल पाण्यात अधिक घातक ठरतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर फॉर्मवर खरे लिहा. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरू नये आणि गरोदर बाईने तर उतरूच नये.

आणि एक कळकळीची विनंती. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फोटोसाठी प्रवाळावर उभे राहू नका, माशांना पाव घालू नका. कोणी तुमच्या हातात पाव दिला तर परत करा.

प्रश्न : देवबागला कर्लीच्या खाडीत स्वतः कयाक वल्हवायची आहे. भरतीची वेळ कशी काढायची? तिथले लोक तिथीवरून सांगतात, ते खरे असते का? (पुणे)

उत्तर : खरे असते, आणि शिकून घेण्यासारखे आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि साडेबारा तासांच्या आत पुन्हा भरती. दर दिवशी ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब मुंबईला जुळतो, तिथून दक्षिणेकडे भरती जरा आधी लागते, म्हणून या हिशेबात तासभराची चूक धरा आणि निघण्याआधी त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर नजर टाका.

पाणी सहा तासांत एकसारखे चढत-उतरत नाही. एकूण चढ-उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला व चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक भाग, अशी चाल असते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी वाहून जाते. खाडीत ओढ सर्वांत जोराची तेव्हाच असते. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यापुढचे एक-दोन दिवस उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत. त्या दिवसांत गाळही कमी ढवळतो, त्यामुळे स्नॉर्केलिंगलाही, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावरून खाली बघायलाही, तेच बरे.

आता वारा. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, दुपारकडे खारा वारा उलट्या दिशेने सुटतो. समजा पूर्ण भरती साडेदहाला आहे. साडेआठला निघा, भरतीच्या पाण्याबरोबर आत, समुद्रापासून दूर जा, कांदळवन बघा आणि पाणी स्थिरावले की लगेच परत फिरा. बारा वाजता काठावर असायला हवे. त्यानंतर ओहोटीचे पाणी समुद्राकडे ओढते, वारा समोरून येतो, आणि दोघांच्या झोंबीत आखूड, उभ्या लाटा उठतात. कयाक अशाच पाण्यात उलटते. संगमापाशी, जिथे कर्ली समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी चुकूनही फिरकू नका. सुट्टी काढून आलेला माणूस साधारण ताशी चार-पाच किलोमीटर वल्हवतो. ओढ तेवढीच झाली तर तो जागेवरच राहतो, आणि दमला की बाहेर जातो.

कयाक उलटली तर ती सोडू नका, काठ जवळ दिसला तरी पोहत निघू नका. सीट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर बसायच्या प्रकारची असेल तर पालथी कयाक पलीकडच्या कडेला धरून आपल्याकडे ओढून सुलटी करा. मग पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून मारा, पोटावर आडवे सरका, कूस बदला, बसा, आणि पाय शेवटी आत घ्या. निघण्याआधी काठाजवळ दोनदा करून पाहिलेत तर वेळेला हात आपोआप चालतील. ओहोटीत कांदळवनाच्या फाट्यात शिरू नका. पाणी उतरले की कयाक गाळावर बसते, आणि उतरून ओढायला गेलात तर मांडीपर्यंत रुतता.

लाइफ जॅकेट घातल्यावर कोणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकले तर माप मोठे आहे किंवा पट्टे सैल आहेत. माणशी दोन लिटर पाणी, शिट्टी, पूर्ण बाह्यांचा सदरा, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन. एवढे पुरे.

प्रश्न : मुलांना घेऊन गुहागर-गणपतीपुळ्याकडे जात आहोत. पाण्यातली ओढ काठावरून ओळखता येते का? (सातारा)

उत्तर : येते, पण उंचावर उभे राहून दहा मिनिटे पाण्याकडे बघावे लागते. लाटा ओळीने फुटत असताना मध्येच एखाद्या पट्ट्यात त्या फुटत नाहीत, पाणी तिथे गडद आणि सपाट दिसते, फेस किंवा कचरा समुद्राकडे सरकताना दिसतो. नेमका तोच पट्टा शांत वाटतो आणि आईबाप मुलांना तिथेच उतरवतात. लाटांनी काठावर आणलेले पाणी परत जाण्याची ती वाट असते.

ओढीत सापडलात तर काठाच्या दिशेने झगडू नका. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. तरंगत राहा, हात वर करा, आणि काठाला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या. मग लाटांबरोबर तिरपे परत. बुडणाऱ्याला वाचवायला रिकाम्या हाताने उडी टाकू नका. आधी रिकामा बंद कॅन, दोरी, लाइफ जॅकेट, जे हाताला लागेल ते फेका.

गणपतीपुळ्यासारख्या पुळणीवर आणखी एक धोका आहे, उताराचा. कमरेएवढ्या पाण्यातून दोन-तीन पावलांत डोक्यावर पाणी येते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू घेऊन जाते. तिथे मुलांनी गुडघ्यापुढे जाऊ नये, आणि मोठ्यांनी त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहावे.

प्रश्न : पॅरासेलिंग जीपने ओढतात ते बरे की बोटीने? (नाशिक)

उत्तर : बोटीने, आणि तीही विंच, म्हणजे दोरी सोडणारे-गुंडाळणारे यंत्र, असलेल्या बोटीने. उड्डाण आणि उतरणे दोन्ही डेकवर होते, खाली पाणी असते. जीपच्या प्रकारात वाळूवर धावावे लागते, उतरताना खाली माणसे, घोडागाड्या, खडक काहीही येते. बोटीवर चालकाशिवाय उडणाऱ्याकडे बघणारा दुसरा माणूस हवाच. दोरीला मध्ये गाठ मारून जोड दिलेला दिसला तर परत फिरा. गाठीपाशी दोरीची ताकद जवळपास निम्मी होते. समुद्रावर जागोजाग पांढरी फेसाळ टोके दिसू लागली, म्हणजे वारा ताशी २० किलोमीटरच्या आसपास किंवा वर गेला. त्या दिवशी पैसे परत मिळोत न मिळोत, उडू नका. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार चालकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला हवी. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणण्यात संकोच कसला?

आणि किनाऱ्यापासून पॅरासेलिंगच्या किंवा स्कूबाच्या बोटीपर्यंत नेणारी छोटी होडीही हिशेबात धरा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. परतीच्या वाटेवर उकडते म्हणून जॅकेट काढून ठेवू नका.

प्रश्न : आम्हाला रजा जुलैतच मिळते. तेव्हा काय करता येईल? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : समुद्रात काहीही नाही. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत तिथले खेळ बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी असते. तरीही कोणी ‘गुपचूप नेतो’ म्हणाला तर नकार द्या.

रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग आहे. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून खाली येऊन नदीत सोडले जाते, त्यावर ते चालते. पाणी बहुधा सकाळी सुटते, म्हणून आदल्या रात्री पोहोचा. दुपारी उगवलात तर नदी ओसरलेली असते. पट्टा साधारण १२ किलोमीटरचा, प्रवाहाचा दर्जा सहापैकी दोन ते तीन, म्हणजे सोपा ते मध्यम. राफ्टमधून पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या वर ठेवा. वाहत्या पाण्यात उभे राहायचा प्रयत्न केलात तर पाय दगडांत अडकतो आणि पाणी अंगावरून जाते.

धबधब्यांवर जात असाल तर खाली ऊन आहे यावर विसंबू नका, पाऊस वर घाटमाथ्यावर पडत असतो. पाणी गढूळ झाले, काड्या-पाने वाहून येऊ लागली, आवाज वाढला, की ताबडतोब पात्राबाहेर उंचावर चढा. सामान आणायला परत उतरू नका.

प्रश्न : पाकट किंवा जेलीफिश डसली तर पहिला उपाय काय? (सोलापूर)

उत्तर : पाकटाचा, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा, काटा लागला तर जखम समुद्राच्या पाण्याने धुवा आणि पाय सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास ठेवा. ते विष उष्णतेने निकामी होते आणि वेदना उतरतात. पाणी आधी दुसऱ्याच्या हाताने तपासा, कारण डसलेल्याला चटका कळत नाही. नंतर डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचे इंजेक्शन लागते आणि काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. काटा पोटात किंवा छातीत घुसला असेल तर तो उपटू नका, तसेच दवाखान्यात न्या.

जेलीफिशचे धागे चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडे पाणी, वाळू, लिंबू, दारू काही चोळू नका, उरलेल्या डंखपेशी त्याने फुटतात. श्वास लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. समुद्रात कोणी अडकले असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. पाकट वाळूत अंग पुरून बसते, म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी फरपटत चाला. चाहूल लागली की ते स्वतःच निघून जाते.