स्टेथोस्कोपमधून मला फक्त 'लब-डब' ऐकू येतं, मर्मर (ठोक्यांच्या मधला जादा आवाज) कळतच नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की सर 'मर्मर आहे, ऐक' म्हणतात आणि तुम्ही काहीही न कळता मान डोलावता. ते आधी थांबवा. 'मला ऐकू आलं नाही' असं सरळ सांगा. तुमचे कान ठीक आहेत. सगळं एकदम ऐकायला गेलं की कोणाचीही गाडी तिथेच अडते.

मी आधी मानेतल्या कॅरोटिड नाडीवर बोट ठेवतो. एकाच बाजूच्या, दोन्ही बाजू एकदम कधीही दाबायच्या नाहीत. तिच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज पहिला, मायट्रल आणि ट्रायकस्पिड झडपा मिटल्याचा. मनगटाची नाडी यासाठी चालत नाही, ती किंचित उशिरा पोचते. पहिला कुठला आणि दुसरा कुठला हे पक्कं झालं की मग फक्त त्या दोघांच्या मधली जागा ऐका. रिकामी आहे का? मग दुसऱ्यानंतरची जागा. एका वेळी एकच.

हे मला एका पेशंटमुळे उमगलं. विद्यार्थी असताना मी त्यांची नाडी पाहून 'जोरदार' लिहिलं आणि छाती ऐकून 'मर्मर नाही' असंही लिहून मोकळा झालो. सीनियर मॅडमनी त्यांचा हात वर उचलला आणि माझा तळवा त्यांच्या मनगटावर गुंडाळला. ठोका तळव्यावर आपटत होता आणि लगेच कोसळत होता. "या नाडीचं कारण आता शोध," म्हणाल्या. मग पेशंटला उठवून बसवलं, पुढे वाकायला लावलं, श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगितलं आणि डायफ्राम, म्हणजे स्टेथोस्कोपची पडदा असलेली सपाट बाजू, छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला घट्ट दाबला. दुसऱ्या आवाजाला चिकटून एक बारीक, हळूच फुंकर घातल्यासारखा आवाज, विरत जाणारा. एओर्टिक झडप, म्हणजे हृदयातून महाधमनीत उघडणारी झडप, गळत होती. हा मर्मर श्वासाच्या आवाजात सहज मिसळून जातो, म्हणून श्वास रोखायचा. तेव्हा मीही माझा श्वास रोखतो. मला जड जायला लागलं की पेशंटलाही सोडायला सांगतो.

तेव्हापासून मी आधी हाताने बघतो, मग कानाने. नाडी सावकाश, रेंगाळत वर चढत असेल तर एओर्टिक झडप अरुंद असल्याची शंका घेऊन मानेकडे जाणारा खरखरीत सिस्टोलिक (पहिल्या आणि दुसऱ्या आवाजाच्या मधला) मर्मर शोधतो. आणि इथे एक लक्षात ठेवाच: मोठा मर्मर म्हणजे मोठा आजार असं नाही. हृदय थकलं की झडपेतून रक्तच कमी जातं आणि गंभीर स्टेनोसिसचा (झडप अरुंद होण्याचा) मर्मरही मऊ होतो. हाताला थ्रिल (मर्मरची थरथर) लागली तर मर्मरची ग्रेड सहापैकी किमान 4, पण ग्रेड हे आवाजाचं माप आहे.

नाडी पूर्ण अनियमित असेल तर एकाने मनगटावर आणि दुसऱ्याने एपेक्सवर (हृदयाच्या टोकाशी, डाव्या छातीवर) एकाच वेळी मिनिटभर मोजा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरतात तेव्हा, मनगटावर ठोके कमी भरतात. अशा पेशंटमध्ये मायट्रल स्टेनोसिस आहे का ते जरूर बघा: डाव्या कुशीवर वळवून एपेक्सवर बेल, म्हणजे स्टेथोस्कोपची वाटीसारखी बाजू, अगदी हलकी टेकवा. बेल दाबली की खालची कातडी ताणून डायफ्रामसारखी वागते आणि मायट्रल स्टेनोसिसची खोल, घरघरती गुरगुर निघून जाते. सुरुवातीला बरेच जण ती अशीच हरवतात, मीही हरवली आहे.

बाजू ओळखायला श्वास मदत करतो. उजव्या बाजूच्या झडपांचे मर्मर श्वास आत घेताना सहसा वाढतात.

आणि जांघेतली नाडी संकोचापायी सोडू नका. तरुण माणसाचं बीपी जास्त असेल तर मनगट आणि जांघ एकाच वेळी तपासा. जांघेतला ठोका मागून आणि अशक्त येत असेल तर महाधमनी वाटेत अरुंद झालेली असू शकते. हे शोधायला तुमची बोटं पुरतात.