थोरल्याची बाटली, धाकटीचा डोस

प्रश्न : नातू पाच वर्षांचा, नात अकरा महिन्यांची. दोघांना एकदमच ताप आला. नातीचे थेंब संपले होते, म्हणून नातवाच्या पॅरासिटामॉलच्या बाटलीतलं अर्धा चमचा तिला पाजलं. सून चिडली. माझं काय चुकलं?
– एक आजी, बार्शी

उत्तर : आजी, औषध तेच, हे खरं. पण ‘लहान पोर, अर्धा चमचा’ हा हिशोब इथे चालत नाही. डोस वजनावर ठरतो, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. नात आठ किलोची धरली तर एका वेळी 80 ते 120. आता बाटली वाचा. 5 मिलीत 250 लिहिलं असेल, तर अर्ध्या चमच्यात, म्हणजे अडीच मिलीत, 125 गेले, म्हणजे काठावर. 5 मिलीत 120 असेल, तर 60च. आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच 100 असतात! त्यातलं अडीच मिली पाजलं असतं, तर दुपटीहून जास्त झालं असतं. बाटली छोटी म्हणून औषध सौम्य, असं बऱ्याच जणींना वाटतं. आहे नेमकं उलटं.

शिवाय चमचा कुठला? चहाचा की पोह्यांचा? सिरिंजने पाणी मोजून भरा, तुम्हीच चकित व्हाल.

शिकाऊ असताना बालविभागात मी घाईत दुसरीच बाटली उचलली होती. इन्चार्ज सिस्टरांनी हात धरला. त्या दिवसापासून लेबल तीनदा वाचायचं, तेही मोठ्याने : कपाटातून काढताना, ओतताना, परत ठेवताना. एकतीस वर्षं वाचलं. आता घरीही वाचते, नवरा हसतो.

औषध बिनसुईच्या सिरिंजने, बाळाला टेकवून बसवून, गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारच्या वर नाही. वेळ कॅलेंडरवर लिहा, नाहीतर तुम्ही दिलेलं सूनबाई पुन्हा देतील. सर्दीच्या सिरपातही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. जास्त झालं तर यकृतावर बेततं. मूल दूध घेईना, लघवी कमी झाली, धाप लागली, तर डोस मोजत बसू नका, दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर 100.4 ताप दिसताच.

आठ किलो मी अंदाजाने धरलंय. अंगणवाडीत काटा असतो, नातीला घेऊन जा आणि खरं वजन त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा.