साधी, गोड चाल इतकी वर्षं का टिकते?

तुमचा प्रश्न असा की, आजच्या गाण्यांत वाद्यं, ताल, तंत्र सगळं भरपूर असताना लोक गुणगुणतात त्या जुन्या, साध्या चालीच का? मी बेळगावात वडगावच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतो, तेव्हा उत्तर पेटीवरूनच देतो.

चाल टिकते ती चांगल्या गायकामुळे नाही, बेताच्या गळ्यांमुळे. गायक एकदा गाऊन जातो. पुढं ती चाल धुणं धुताना, गाडीवर जाताना गाणारे आपल्यासारखेच असतात, आणि त्यांना पेलली नाही की ती तिथंच संपते.

भूप राग घ्या. पाचच स्वर, मध्यम आणि निषाद (म आणि नी) नाहीत. पेटीवर काळी तीनला, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिलीला, षड्ज (सा) धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवत जा, भूप वाजतो. शेजारच्या दोन स्वरांत अर्ध्या स्वराचं अंतर कुठंच येत नाही, त्यामुळं गळा थोडा इकडंतिकडं झाला तरी कानाला फारसं खटकत नाही. गीतरामायणातलं पहिलं गाणं, ‘स्वये श्रीरामप्रभू ऐकती’, भूपातलंच आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुधीर फडक्यांच्या चालींत ते सुरू झालं, आणि आमच्याकडं रामनवमीला आजही पेटी उघडली की कुणीतरी तेच सुरू करतं. सोबतीला वाद्यमेळ नसतो, पेटी आणि तबला एवढंच. तेवढ्यावरही गाणं उभं राहतं.

पण नुसतं सोपं असून भागत नाही. सोप्या चाली ढिगानं होतात. मंडपात गणपतीचे दहा दिवस वाजतात आणि अनंत चतुर्दशीनंतर कुणाला आठवत नाहीत. टिकणाऱ्या चालीत एखादी जागा अशी असते जिथं ती तुम्हाला वाटतं तिकडं जात नाही. अंतरा, म्हणजे कडवं, वर तार षड्जाला (वरच्या सा ला) जाऊन थांबतो, आता काय म्हणून कान टवकारतात, मग चाल सावकाश उतरून मुखड्याला, म्हणजे पहिल्या ओळीला, येते. पुढं काय येणार ते ठाऊक असतं, तरी दर वेळी त्या जागेची वाट बघितली जाते. अशा जागा दोन-चार झाल्या की चाल गायकाची होते, लोकांची राहत नाही. (आमच्या मंडळातल्या नव्या चाली बहुतेक इथंच मरतात. बसवणाऱ्याला हौस फार.)

आमच्या भागात आणखी एक गोष्ट दिसते. श्रावणातल्या शुक्रवारी मराठी घरांत कन्नड संतकवी पुरंदरदासांचं ‘भाग्यदा लक्ष्मी बारम्मा’ म्हणतात, त्यातल्या निम्म्या बायकांना कन्नड धड येत नाही. उलट शेजारचे कन्नड काका ‘माझे माहेर पंढरी’ म्हणताना माझ्यापेक्षा सुरात असतात. दोन्ही गाणी भीमसेन जोशींनी गायलीत, हे कारण आहेच. पण शब्द अर्धेमुर्धे कळूनही गाणं घरात शिरतं ते चालीच्या जोरावर. एरवी मराठी-कन्नड भाषेवरून इथं काय काय वाद चालतात ते तुम्ही पेपरात वाचताच.

जुन्या आठवणींमुळं ती गाणी गोड लागतात, असं तुम्ही म्हणता. थोडं खरं आहे. मग आठवीतली पोरं ती का उचलतात? त्यांना कसल्या आठवणी?

साध्या चालीत किती दडलेलं असतं ते शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांनी दाखवून दिलं. जन्म इथलाच, बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ सालचा. क्षयामुळं गाणं बंद पडलं तेव्हा देवासला पडल्यापडल्या माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत होती. मोजक्या स्वरांतल्या त्या धुनांमधून त्यांनी पुढं नवे राग घडवले, धुनउगम राग म्हणतात ते.

जवळ पेटी असेल तर एक करून बघा. त्याच काळ्या पट्ट्या, पण षड्ज काळी एकला, म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीतल्या पहिलीला, धरा. भूप जाऊन दुर्गा राग वाजायला लागेल.