‘त्रयी’, ‘त्रिकूट’ आणि ‘साथीला’

दादरच्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे: आमच्या श्रवणमंडळाच्या पत्रकात सॅक्सोफोन, आवाज आणि ड्रम्स एवढ्याच तिघांच्या जॅझ अल्बमचा परिचय द्यायचा आहे, ‘गायनाचा अल्बम, साथीला सॅक्सोफोन व ड्रम्स’ असे लिहावे का, आणि ‘ट्रिओ’ला त्रयी म्हणावे की त्रिकूट?

दुसऱ्या प्रश्नात फारसा वाद नाही. ‘त्रयी’ हा शब्द आपण बहुधा ग्रंथांना आणि कलाकृतींना लावतो, जसे प्रस्थानत्रयी किंवा नाट्यत्रयी. त्यामुळे ‘जॅझत्रयी’ वाचून तीन अल्बमांचा संच डोळ्यांसमोर येईल. तीन माणसांसाठी ‘त्रिकूट’ बरे. शब्द तत्सम असल्याने ‘शरीर, शरीराला’ याप्रमाणे ‘त्रिकूटाचा’ असा दीर्घ ऊकार ठेवावा.

‘साथीला’ या शब्दाला मात्र माझा ठाम विरोध आहे. आपल्या बैठकीत तबलजी ठेका धरतो, पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो आणि मैफल गायकाचीच असते; ‘साथ’ म्हटले की ही सगळी उतरंड त्या शब्दाबरोबर येते. जॅझमध्ये याच्या जवळचे काम एरवी पियानो आणि बेस (खर्जात वाजणारे मोठे तंतुवाद्य) करतात. अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनी १९५७ मध्ये पियानो वगळून सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम्स एवढ्यावरच ध्वनिमुद्रण केले, तेव्हा निदान बेसचा आधार शिल्लक होता. तुमच्या अल्बममध्ये तोही नाही. स्वरांची चौकट सॅक्सोफोन आणि आवाज यांनी परस्परांतच सुचवायची आणि ड्रम्सनी केवळ ठेका न देता संवादात उतरायचे, अशी ही रचना आहे. तिथे साथ कोण कुणाची करणार?

याच कारणाने ‘गायन’ही मला अपुरे वाटते. जॅझमधील स्कॅट प्रकारात, आपल्या तराण्याप्रमाणे, अर्थहीन अक्षरांतून गळा वाद्यासारखा चालतो. तुम्ही प्रश्नात सहज लिहिलेला ‘आवाज’ हाच शब्द योग्य आहे. ‘जुगलबंदी’ सुचेल, पण ‘जुगल’ म्हणजे जोडी, आणि इथे तिघे आहेत. ‘सहवादन’ म्हणावे तर आवाज बाहेर राहतो.

तेव्हा ‘सॅक्सोफोन, आवाज आणि ड्रम्स यांच्या जॅझ त्रिकूटाचा अल्बम’ एवढेच लिहावे. एखाद्या रचनेत गायिका शब्दांचे गीत गात असेल आणि उरलेले दोघे खरोखर मागे राहत असतील, तर तेवढ्या रचनेपुरते ‘साथ’ जरूर लिहावे.